साध्य शंभर टक्के, पुढे काय?

जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत पडद्यावर जो तक्ता येतो, त्याचे रकाने वर्षानुवर्षे तेच आहेत. अनुक्रमांक, तालुका, उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा. युवकांच्या योजनेची पाळी आली की साहेबांची नजर थेट टक्केवारीवर जाते. ज्या तालुक्यापुढे नव्वदच्या वर आकडा आहे तो सुटतो. ज्याच्यापुढे साठ-पासष्ट आहे, त्या तालुक्याच्या अधिकाऱ्याला उभे केले जाते. शेऱ्यात ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लिहिलेले असतेच. बैठक संपते, इतिवृत्त निघते, अनुपालन अहवाल मागवला जातो.

त्याच संध्याकाळी कंधारच्या किंवा औशाच्या बसस्थानकाजवळ टपरीवर बसलेल्या एखाद्या पोराला ओळखीच्या माणसाने ‘काय करायलास सध्या?’ असे विचारावे, तर उत्तर ठरलेले असते: ‘काही नाही, फॉर्म भरलेत.’ हा पोरगा सकाळच्या त्या तक्त्यात असू शकतो, तोही ‘साध्य’च्या रकान्यात. सहा महिने तो पंचायत समितीत जाऊन बसला, विद्यावेतन त्याच्या खात्यात आले, प्रमाणपत्र मिळाले. तक्ता खोटा नाही आणि पोरगाही खोटे बोलत नाही.

हे कसे काय, ते समजून घ्यायचे असेल तर आढावा घेताना आपण नेमके काय मोजतो ते पाहावे लागेल. त्यासाठी नांदेड आणि लातूरमधल्या घरोघरी माहीत असलेली एक योजना हाताशी आहे.

लाडका भाऊ

28 जून 2024 रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली आणि जुलैत तिचा शासन निर्णय निघाला. ‘लाडकी बहीण’ त्याच अर्थसंकल्पातली, म्हणून लोकांनी हिला ‘लाडका भाऊ’ म्हणायला सुरुवात केली. शिकलेल्या पण अनुभव नसलेल्या तरुणाला कुठेतरी प्रत्यक्ष कामावर बसवायचे, त्या काळात सरकारने विद्यावेतन द्यायचे, आणि अनुभवाच्या जोरावर त्याने पुढे नोकरी मिळवायची, अशी ही कल्पना.

▌चौकट: योजना थोडक्यात
वय 18 ते 35, महाराष्ट्राचा रहिवासी, आधारशी जोडलेले बँक खाते, महास्वयं पोर्टलवर नोंदणी. दरमहा विद्यावेतन बारावी उत्तीर्णाला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधर व पदव्युत्तरांना 10,000. मुदत आधी 6 महिने, 2025 मध्ये 5 महिने वाढवून एकूण 11. पदवीधराला 6 महिन्यांचे 60,000 रुपये, 11 महिन्यांचे 1,10,000. वर्षाला 10 लाख तरुणांचे उद्दिष्ट.

योजना राज्याची, पण तरुण बसले ते बहुतेक स्थानिक संस्थांच्या खुर्च्यांवर: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची शाळा, नगरपरिषद, महापालिका. पुण्याच्या चाकणला कारखान्यांची रांग आहे. माहूर, हिमायतनगर, देवणी, शिरूर अनंतपाळ इथे ‘आस्थापना’ म्हटले की सरकारी कचेरीच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे मराठवाड्याच्या या टोकाला ही योजना प्रत्यक्षात स्थानिक स्वराज्य संस्थांचीच होऊन गेली.

यात एक गंमत आहे. जिल्हा परिषदेला तरुणांसाठी स्वतःहून काही करायचे बंधन जवळजवळ नाही. स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे ज्याला सगळे ‘सेस फंड’ म्हणतात त्यातून, 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. समाजकल्याणाला विषय समिती आहे, पशुसंवर्धनालाही आहे. ‘युवक’ हा शब्द नावात असलेली समिती मात्र नाही. तरुणांचे काम शिक्षण, क्रीडा, कौशल्य विकास, समाजकल्याण अशा चार टेबलांवर वाटलेले असते, आणि चार टेबलांचे काम कुणा एकाला विचारता येत नाही. व्यायामशाळेचे साहित्य एका खात्याचे, अभ्यासिकेचे टेबल-खुर्च्या दुसऱ्याचे, रोजगार मेळावा तिसऱ्याचा. शेवटी पोराचे काय झाले, हा प्रश्न कुठल्याच खात्याच्या नावावर पडत नाही.

हजेरीपटातून काय कळते

कुठल्याही योजनेत तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजता येतात. पहिली, घातलेला पैसा. दुसरी, झालेले काम: किती जण रुजू झाले, किती दिवस हजर राहिले, किती प्रमाणपत्रे दिली. तिसरी, त्यामुळे माणसाच्या आयुष्यात पडलेला फरक. पहिल्या दोन गोष्टी कार्यालयाच्या कपाटात असतात. तिसरी कार्यालयाबाहेर, गावात असते, आणि तीही योजना संपल्यावर काही महिन्यांनी.

आपल्याकडचे आढावे पहिल्या दोनांवर थांबतात. यात आळसापेक्षा सोयीचा भाग मोठा आहे. हजेरीपट दर महिन्याला भरावाच लागतो, त्याशिवाय विद्यावेतन निघत नाही, म्हणून ती माहिती आयती हातात असते. आणि जे आयते हातात असते त्याचेच उद्दिष्ट ठरते. एकदा उद्दिष्ट ‘रुजू झालेले प्रशिक्षणार्थी’ असे ठरले की यंत्रणा इमानेइतबारे माणसे रुजू करून घेते. त्यांना काम काय द्यायचे, हे कोणी विचारलेलेच नसते. एखाद्या ग्रामपंचायतीत प्रशिक्षणार्थी नमुना 8 च्या नोंदी संगणकावर चढवायला शिकतो, घरपट्टीची थकबाकी काढतो, ग्रामसेवकाबरोबर चार ठिकाणी जाऊन कागद कसा फिरतो ते पाहतो. शेजारच्या गावात दुसरा पोरगा सकाळी सही करून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोबाइल बघत बसतो, कारण ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार आहे आणि तो त्या दिवशी या गावात नाही. हजेरीपटावर दोघांच्या सह्या सारख्याच दिसतात.

कौशल्याच्या एका केंद्रीय योजनेत यावर थोडा उपाय केलेला आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने शिकवलेल्यांपैकी किमान 70 टक्के मुलांना नोकरी लावून द्यावी अशी अट आहे. म्हणजे मोजमाप एक पायरी पुढे सरकले. पण नोकरी लागणे वेगळे आणि टिकणे वेगळे. लातूरहून चेन्नईजवळच्या कारखान्यात गेलेला मुलगा दिवाळीला घरी येतो आणि परत जात नाही, ही गोष्ट इथल्या कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात ऐकायला मिळेल. बिहार आणि झारखंडमध्ये याच योजनेच्या प्रशिक्षणार्थींवर अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही तुकड्यांना सुरुवातीलाच सांगितले की नोकरी कुठे असेल, पगार साधारण किती, राहण्याची सोय कशी. बाकीच्या तुकड्यांना नेहमीसारखेच शिकवले. ज्यांना आधी कल्पना दिली होती, ते नोकरीत जास्त टिकले. खर्च जवळजवळ शून्य. असे काही कळू शकते, पण त्यासाठी दोन तुकड्यांमध्ये तुलना करावी लागते. तुलनेशिवाय आढावा म्हणजे नुसती मोजदाद.

शेजारच्या पट्ट्याशिवाय

तुलना का लागते हे सोयाबीन पेरणाऱ्याला पटकन कळेल. समजा, एखाद्याने या साली परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-612 हे वाण पेरले आणि एकरी उतारा गेल्या वर्षीपेक्षा दोन क्विंटलने वाढला. बांधावरचा शेजारी लगेच म्हणणार, ‘बियाण्याचं सोड, यंदा पाऊसच वेळेवर झाला.’ वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. त्याच शेतात, तशाच जमिनीवर, एक पट्टा जुन्या वाणाचा ठेवायचा. पाऊस दोन्ही पट्ट्यांवर सारखाच पडला, खतही सारखेच पडले. आता जो फरक दिसेल तो बियाण्याचा. कृषी विभागाच्या प्रात्यक्षिक प्लॉटमध्ये म्हणूनच तुलनेचा पट्टा असतो.

ही पद्धत शास्त्र म्हणून शेतातच जन्मली. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1919 पासून रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ काम करत होता. तिथे खतांच्या प्रयोगांच्या नोंदींचे ढीग पडलेले होते, आणि कुठल्या खताने खरेच फरक पडला हे त्यातून काही सांगता येत नव्हते. कुठल्या तुकड्यात काय घालायचे हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, हे त्याने मांडले. कारण माणसाने निवड केली की नकळत चांगली जमीन नव्या खताच्या वाट्याला जाते. औषधांच्या चाचण्यांमध्ये आणि नंतर सरकारी योजनांच्या तपासणीत हीच पद्धत गेली.

आता शेतातून ग्रामपंचायतीत येऊ. शंभर पदवीधरांनी सहा महिने प्रशिक्षण घेतले. वर्षभराने पाहिले तर त्यातले 30 जण कामाला लागलेले आढळले. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या जिल्ह्याचे नाहीत.) विद्यावेतनाचा खर्च झाला 60 लाख. भागाकार केला तर एका नोकरीमागे 2 लाख. वाईट नाही, असे वाटेल. पण तशाच शंभर पदवीधरांपैकी, ज्यांनी योजनेत भागच घेतला नाही, त्यांतले 22 जण वर्षभरात कुठे ना कुठे लागलेच असतील, तर योजनेने घडवलेला फरक 30 नव्हे, फक्त 8 चा. मग एका जादा नोकरीमागे साडेसात लाख. आणि योजनेत नसलेल्यांतलेही 30 जण लागले असतील, तर फरक शून्य. तक्त्यातला ‘साध्य’चा आकडा या तिन्ही परिस्थितींत एकच राहील.

या साडेसात लाखांवरून योजना फुकट गेली असा निष्कर्ष कोणी काढू नये. विद्यावेतनाने घरखर्चाला हातभार लागला, एखाद्या घरातली मुलगी पहिल्यांदा रोज सकाळी कामाला बाहेर पडली, हेही फरकच आहेत. पण ते मोजायचे आहेत का, हे आधी ठरवावे लागते. मागाहून जे हाती लागले त्यालाच फायदा म्हणायचे, ही आपली जुनी सवय.

लातूर पॅटर्नने दिलेला इशारा

‘मग तुलना करू की, योजनेत आलेल्यांची आणि न आलेल्यांची,’ असे कोणीही म्हणेल. इथेच खड्डा आहे, आणि लातूरकरांना तो ओळखीचा असायला हवा.

राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय आणि त्यांच्या भोवती वाढलेल्या क्लासेसच्या जाळ्याने लातूरचे नाव राज्यभर नेले. दहावी झाली की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवच नव्हे तर सोलापूर आणि विदर्भातूनही मुले पेटी आणि गादी घेऊन लातूरला येतात. नांदेडमध्येही आता तेच चित्र आहे. निकाल उत्तम लागतात, होर्डिंगवर फोटो झळकतात. पण दहावीला पंचाण्णव टक्के मिळवून आलेल्या मुलीचा निकाल चांगला लागला, त्यातले शिकवण्याचे श्रेय किती आणि तिचे स्वतःचे किती? ती गावी राहून शिकली असती तर काय झाले असते? होर्डिंग याचे उत्तर देऊ शकत नाही. शिकवण्यात दम नाही, असा याचा अर्थ नाही. सराव, शिस्त, चाचण्या यांचा परिणाम असणारच. किती, एवढेच निकालावरून सांगता येत नाही, कारण मुळात कोण आले हे निवडून आलेले आहे.

प्रशिक्षण योजनेतही तेच होते. महास्वयंवर नोंदणी करायची, कागद जमवायचे, आधार जोडून घ्यायचे, चार हेलपाटे घालायचे, हे जो करतो तो मुळातच धडपड्या. तो योजनेशिवायही काहीतरी करणारच होता. त्याची तुलना घरी बसलेल्याशी केली तर योजना उगीचच गुणी दिसेल. आणि उलटही घडते. ज्याला पुण्याला कंपनीत लागायची खात्री आहे तो सहा हजारांसाठी ग्रामपंचायतीत कशाला येईल? तसे असेल तर योजनेत जे आले ते मुळातच मागे पडलेले, आणि मग योजना उगीचच वाईट दिसेल. कुठल्या बाजूला खोट आहे हे नुसत्या आकड्यांतून कळत नाही.

यातून सुटका फिशरच्या चिठ्ठीने होते, आणि ती आपल्याला अजिबात नवी नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत भर सभेत लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून होते. शिक्षण हक्क कायद्यातले 25 टक्के प्रवेश सोडतीनेच होतात. जागा शंभर आणि पात्र अर्ज अडीचशे असतील, तर आज ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ किंवा कुणाच्या तरी फोनला प्राधान्य मिळते. त्याऐवजी चिठ्ठी काढली तर वशिल्याची तक्रार मिटते, आणि आढाव्यालाही फायदा होतो. ज्यांची चिठ्ठी निघाली ते आणि ज्यांची निघाली नाही ते, दोन्ही गट सारख्याच धडपडीचे, सारख्याच घरांतले. वर्षभराने दोघांना विचारा. जो फरक दिसेल तो योजनेचा.

आक्षेप येतो की गरजूला चिठ्ठीवर सोडणे निर्दयपणाचे. जागा पुरेशा असतील तर आक्षेप रास्त आहे, तेव्हा सगळ्यांना घ्यावे. पण जागा कमीच असतील तर कोणीतरी बाहेर राहणारच आहे. फक्त कोण, ते सध्या बंद दाराआड ठरते.

एकाची खुर्ची

आता थोडा अवघड भाग. समजा चिठ्ठीने तुलना केली आणि प्रशिक्षण घेतलेले खरेच जास्त संख्येने कामाला लागले. तरी एक शंका उरते: ते नव्या जागेवर लागले की दुसऱ्याच्या?

फ्रान्समध्ये हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. तिथे शिकलेल्या बेकार तरुणांना नोकरी शोधायला खास मदत देणारा एक कार्यक्रम होता. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 235 ठिकाणच्या रोजगार कार्यालयांमध्ये सोडतीने ठरवले की कुठे कोणालाच मदत द्यायची नाही, कुठे चौथाई तरुणांना, कुठे निम्म्यांना, कुठे पाऊण हिश्श्याला, तर कुठे सगळ्यांना. 2013 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मदत मिळालेल्यांना आठ महिन्यांत स्थिर नोकरी मिळण्याचे प्रमाण वाढलेले होते. पण त्यातला काही भाग त्याच गावातल्या मदत न मिळालेल्या तरुणांच्या वाट्याचा होता. नोकऱ्या कमी असलेल्या भागात हे जास्त घडले. आणि वर्षभरात तो फायदाही विरून गेला.

आपल्या दोन जिल्ह्यांत नोकऱ्या मुबलक आहेत असे कोणीच म्हणणार नाही. कृष्णूरच्या किंवा लातूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला हिशेबनीस हवाच होता, तो त्याने पगार देऊन ठेवलाच असता. आता सरकार विद्यावेतन देते म्हणून त्याने प्रशिक्षणार्थी घेतला. कारखानदाराचे पैसे वाचले, तक्त्यात एक ‘साध्य’ वाढले, नोकरी मात्र एकही वाढली नाही. शाळेतही तसेच. जिथे शिक्षकाचे पद रिकामे आहे तिथे डी.एड. झालेला प्रशिक्षणार्थी वर्ग सांभाळतो. मुलांची सोय होते, पण पद भरण्याची निकडही त्याच प्रमाणात ओसरते. प्रशिक्षणार्थींनी ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलने केली, त्यामागे हेच होते. प्रत्यक्षात ते रिकाम्या पदाचे काम करत होते आणि कागदावर शिकत होते. मला त्यांची मागणी कायद्याच्या चौकटीत बसणारी वाटत नाही, पण त्यांचा राग समजतो.

जे दारापर्यंतही आले नाहीत

एवढे सगळे झाले ते योजनेत आलेल्यांबद्दल. माझ्या मते आढाव्याची खरी परीक्षा न आलेल्यांत आहे.

योजनेचे दार बारावीपासून सुरू होते. दहावी नापास होऊन शिक्षण सोडलेल्या मुलाला ते दारच नाही, आणि आधाराची गरज त्यालाच सर्वांत जास्त. मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगराळ पट्ट्यातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलला परततात. त्या काळात रुजू व्हायचे असलेले प्रशिक्षण त्यांच्या पोरांसाठी नसल्यासारखेच. किनवट-माहूरमधल्या गोंड, कोलाम, आंध पाड्यांवरून आणि बंजारा तांड्यांवरून नांदेड गाठायचे म्हणजे सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर. कचेरी तालुक्याला असली तरी एसटीची वेळ आणि परतीची गाडी यांवर मुलीचे येणे ठरते. सहा हजारांतले किती भाड्यात जातात, याचा हिशेब घरात होतो आणि मग ती येत नाही. तिचा ‘न येणे’ हा निर्णय कुठल्याही रकान्यात उमटत नाही.

म्हणून सरासरीवर विश्वास ठेवू नये. नांदेड जिल्ह्यात 16 तालुके आहेत, लातूरमध्ये 10. नांदेड आणि लातूर शहरांचा आकडा एवढा भारी असतो की जिल्ह्याची सरासरी चांगलीच निघते आणि माहूर, जळकोट तिच्याखाली झाकले जातात. तालुकावार तक्ता असतो, हे खरे. पण त्यात मुलगे-मुली वेगळे नसतात, बारावीवाले आणि पदवीधर वेगळे नसतात. तसे वेगळे काढायला नवा पैसा लागत नाही. महास्वयंवरच्या नोंदणीत वय, शिक्षण, पत्ता सगळे भरलेले असते.

मुळात जिल्ह्यात किती तरुण बेकार आहेत हे तरी ठाऊक असावे. देशपातळीवर श्रमशक्ती पाहणीत 2023-24 मध्ये 15 ते 29 वयोगटातली बेकारी 10.2 टक्के निघाली. पण ही पाहणी अनेक वर्षे राज्याचे आणि देशाचे चित्र काढण्यासाठीच रचलेली होती, तिच्या नमुन्याच्या रचनेत जिल्हा हा पाया 2025 पासून धरला जाऊ लागला. तोपर्यंत जिल्ह्याचा आढावा घेणाऱ्याकडे भाजकच नव्हता, नुसता भाज्य. दहा हजार मुले रुजू झाली म्हणजे खूप की थोडी, हे कोणत्या आधारावर ठरवायचे?

हिशेब कोण मागणार

पैसा नियमाने खर्च झाला का, हे पाहायला स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा जिल्हा परिषदेत आठवडाभर धावपळ असते, जुन्या फायली झटकल्या जातात. पण या दोघांचे काम व्हाउचर आणि मंजुरी तपासण्याचे. पोरगा पुढे काय झाला, हे त्यांच्या प्रश्नपत्रिकेत नाही. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती हे विचारू शकते, आणि जिल्हा वार्षिक योजनेत मूल्यमापनासाठी थोडा निधी राखून ठेवण्याची सोयही आहे. तो बहुधा संगणक आणि डाटा एन्ट्रीवर संपतो.

गावपातळीवर एक जुना मार्ग आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने ग्रामसभेला कामांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा अधिकार दिला होता. म्हणजे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे नाव आहे त्याने उठून सांगायचे, मी त्या दिवशी तिथे होतो की नव्हतो. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांतून ही पद्धत रुजवली. ग्रामपंचायतीतल्या प्रशिक्षणार्थीबद्दल हाच प्रश्न ग्रामसभेत विचारायला वेगळा कायदा लागत नाही. कोणते काम शिकवले, कोणी शिकवले, एवढे दोन प्रश्न पुरेत.

पण प्रश्न विचारणारेच नव्हते, हीही अडचण होती. दोन्ही जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्याच वर्षी दोन्ही महापालिकांचीही. पुढे प्रशासक बसले. महापालिकांच्या निवडणुकांना 2026 चा जानेवारी उजाडला. म्हणजे ही योजना सुरू झाली, वाढली, तिच्यावरून आंदोलने झाली, तो सगळा काळ सभागृहात लोकनियुक्त सदस्य नसतानाचा. अधिकाऱ्यांच्या कामाचा आढावा अधिकारीच घेत होते. सदस्य भांडतात, वेळ खातात, आपल्या गटातल्या कामापुरते बोलतात, हे सगळे मान्य. पण ‘माझ्या गावचं पोरगं तुमच्याकडं सहा महिने होतं, त्याला साधा दाखला टाइप करता येईना’ असे तोंडावर सांगणारा माणूस तोच असतो.

त्याला सांगता यावे म्हणून कोणी तरी आधी त्या पोराला विचारलेले असले पाहिजे, आणि हे फार महागाचे काम नाही. प्रशिक्षणार्थींचे मोबाइल क्रमांक नोंदणीतच आहेत. एका तालुक्यातले 250 रुजू झालेले आणि 250 अर्ज करूनही जागा न मिळालेले, असे 500 जण निवडले, प्रत्येकी दहा मिनिटे बोलले, तर 5,000 मिनिटे होतात, म्हणजे 83 तासांच्या आसपास. दोन माणसांचे दीड आठवड्याचे काम. प्रश्नही चारच: गेल्या आठवड्यात काय काम केलं, पैसे किती मिळाले, ते काम कसं मिळालं, प्रशिक्षणात शिकलेलं त्यात काही उपयोगी पडलं का. क्रमांक बदललेले असतील, काही उचलणार नाहीत. किती जणांनी उचलला नाही, तेही लिहून ठेवायचे. हे फोन ज्या कचेरीत मुले बसली होती तिथून मात्र करू नयेत. साहेबांच्या कचेरीतून फोन आला की ‘सगळं छान होतं सर’ हेच उत्तर मिळते. देगलूरच्या मुलांना उदगीरहून फोन जावा, उदगीरच्या मुलांना देगलूरहून.